तहानेवरचं औषध

आमच्या शेडच्या पत्र्यावर बाबांनी रंगाऱ्याकडून माझं नाव लिहून घेतलं आहे. नावापुढे बी.एस्सी. आणि त्याखाली विषय, सूक्ष्मजीवशास्त्र. रंगारी म्हणाला होता, एवढी अक्षरं एका पत्र्यावर मावणार नाहीत. बाबा म्हणाले, मंग दोन पत्रे घे. त्यामुळे ‘सूक्ष्मजीव’ एका पत्र्यावर आहे आणि ‘शास्त्र’ दुसऱ्यावर. पुसेगावकडून येणारा रस्ता आमच्या वावराजवळ वळतो, तिथून ते स्वच्छ वाचता येतं. मला त्याची लाज कधी वाटली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी तीन वर्षं एस.टी.नं हिंगोलीला जाऊन-येऊन शिकले, पहिल्या वर्गात पास झाले, आणि गावात परत आले ते मला यायचं होतं म्हणून. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात माझं शिक्षणच आडवं आलं.

ब्रॉयलर कोंबड्यांचं काम बाहेरून सोपं दिसतं. कंपनी एका दिवसाची पिल्लं आणून टाकते, खाद्य देते, औषध देते. शेड आमचं, पाणी आमचं, मेहनत आमची. चाळीसेक दिवसांनी गाडी येते आणि पक्षी भरून नेते. आमच्या शेडवर तिघंच असतो. बाबा, माय आणि मी. बाबा खाद्य आणि पडदे बघतात, मी वजनं, लस आणि कागद. माय बाकी सगळं. मेलेली पाखरं गोळा करून चुन्याच्या खड्ड्यात टाकायचं काम तिचंच. तिच्यासाठी मी रबरी हातमोजे आणले होते. ते दाराजवळच्या खिळ्याला लटकून राहिले. ती म्हणायची, “हातमोज्यात पाखरू कळत न्हाई मला. आत्ता मेलं का सकाळीच मेलं, पोटात दाणा हाय का उपाशी मेलं, हे हाताला कळतं.” ते खरंही होतं. किती वाजता मर सुरू झाली हे ती नुसती पाखरं चाचपून सांगायची आणि मी कागदावर लिहायचे.

त्या पावसाळ्यात झड लागली होती. आठवडाभर ऊन नाही. पडदे खाली सोडावे लागले, खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं झालं, आणि शेडात शिरलं की डोळ्यांना मिरची लागल्यासारखं झोंबायचं. पिल्लं तेव्हा वीस दिवसांची होती.

आवाज आधी मायनंच ऐकला. ती दारात थांबली, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “आज शेड बराबर बोलून न्हाई राहिला.”

“काहून? ओरडून तर राहिलेत,” बाबा म्हणाले.

“ओरडण्याच्या खाली ऐका. घरघर हाय. लेकराच्या छातीत कफ झाल्यावानी.”

मी श्वास धरून ऐकलं. हजारो पिल्लांच्या चिवचिवाटाखाली खरंच एक बारीक घरघर होती. आता इथून, मग तिथून. एकदा ती ऐकू आल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. त्या दिवशी सहा मेली. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी मायनं मोजायचं सोडलं आणि टोपलं भरून आणलं.

कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवर आला. तरुण माणूस, बोलका. खाद्याची रिकामी गोणी जमिनीवर पसरून त्यानं त्यावर एक मेलेलं पाखरू ठेवलं आणि कात्री काढली.

“मावशी, तुमच्या पोरीनं डिग्री केली, नाव पत्र्यावर लावलं. मी कशाला फाडू? तिलाच फाडू द्या.”

“फाडते की,” मी म्हणाले आणि कात्री त्याच्या हातातून घेतली. कॉलेजात आम्ही काचेच्या ताटलीतले जंतू बघायचो, कोंबडी कधी उघडली नव्हती. पण ते मी त्याला कळू दिलं नाही. छाती उघडली. कलेजीवर आणि काळजावर पांढरट पिवळा पापुद्रा धरला होता, बोटानं ओढला तर अख्खा निघून येईल असा.

“अगं बाई,” माय वाकून म्हणाली, “साय धरली की ही.”

“साय न्हाई मावशी, ई-कोलाय.”

“काय कोलाय?”

“जंतू,” मी म्हणाले. “बॅक्टेरिया. ओल्या तुसातून, पाण्यातून आत गेलेत.”

“मंग त्याच जंतूची साय,” माय म्हणाली. त्या दिवसापासून तिनं दुधावरची साय काढून ठेवणं बंद केलं. दूध तसंच उकळून ओतायची.

सुपरवायझरनं औषधाच्या पुड्या दिल्या. पांढरी पावडर, चकचकीत पाकिटात. ती द्यायची रीत अशी: सकाळी पाण्याचा कॉक बंद करायचा. दोन तास पक्षी तहानलेले ठेवायचे. मग टाकीत पावडर कालवून ते पाणी सोडायचं. तहानलेले पक्षी एकदम तुटून पडतात आणि सगळ्यांच्या पोटात औषध जातं. असं पाच दिवस.

सुपरवायझर गेल्यावर मायनं हे मान्य केलं नाही. “आजारी जिवाचं पाणी तोडायचं? ही कोणती रीत?”

मी टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि तिला समजावून सांगितलं. मला ते बोलणं अजून शब्दाला शब्द आठवतं, कारण मी ते फार रंगवून बोलले होते. “माय, तहान नसली तर पाखरू चोच बुडवून निघून जातं. तहान असली की एका दमात पितं, औषध एकदम रक्तात चढतं आणि जंतू मरतात. थोडं थोडं गेलं तर मरत न्हाईत, उलट शहाणे होतात.”

“आन माणसाला?”

“माणसालाबी तसंच. जंतू तेच, औषधाची जात तीच. ते काय विचारत बसतं का, तू कोंबडी हायेस का माणूस?”

बाबा बाजूला पडद्याची दोरी ओढत होते. ते मायला म्हणाले, “ऐक. हे कालेजात शिकवतेत.”

माय हसली नाही. तिनं मान हलवली. वर्गात एखादी मुलगी उत्तर पाठ करून ठेवते तशी. मी विषय संपला असं समजून उठले. माणसाचं तिनं का विचारलं, हे मी तिला विचारलं नाही.

तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तेव्हाच चिंधी होती. पडद्याची तार लागली होती म्हणे. हळद भरून चिंधी गुंडाळलेली. आमच्या भागात हळदीला तोटा नाही आणि हळदीवर विश्वासही तेवढाच. मी एकदा म्हणाले, हातमोजे घाल. ती म्हणाली, घालते. आणि त्याच हातानं टोपलं उचलून खड्ड्याकडे गेली.

औषध चालू झालं. दुसऱ्या दिवशी झड उघडली, अधूनमधून ऊन पडू लागलं, पण मर तेवढीच राहिली. मी सकाळी उठल्याबरोबर शेडात जायचे आणि दारातच कान लावून उभी राहायचे. घरघर कमी झाली की नाही हे मला कळेचना. मला माझ्या कानांचा भरवसा वाटेना, म्हणून मी मायला बोलवायचे. ती यायची, ऐकायची, म्हणायची, “हाय अजून.” पण तिचा आवाज कोरडा येत होता आणि ओठ सुकलेले होते. पक्ष्यांचं पाणी बंद असताना ती शेडच्या मागच्या दगडावर बसून राहायची, उजवा हात पदराखाली.

“पाणी आणू का?” मी विचारलं.

“नको. थांब जरा.”

“उपवास हाय का?”

“व्हय.”

वर्षावास चालू होता. संध्याकाळी विहारात बाया पांढऱ्या लुगड्यात बसून वाचन ऐकायच्या, आणि माय अष्टमी, पौर्णिमा पाळते. मी तिथी मोजली नाही. सलग तीन दिवस उपवास कसा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात पक्षी होते.

चौथ्या दिवशी टोपल्यात तीनच निघाली. शेडचा आवाज मोकळा वाटला. मी सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, “झालं मग, डॉक्टरच झाल्या तुम्ही.” मी ते बाबांना सांगायला वळले, तेवढ्यात मागे पेला पडल्याचा आवाज झाला. स्टीलचा पेला जमिनीवर घरंगळत होता आणि माय भिंतीला टेकून थरथरत होती. भर दुपारी, पावसाळी गारव्यात, तिच्या कपाळावर घाम आणि दात वाजत होते.

मी पदर बाजूला केला. चिंधी बोटात रुतली होती. बोट टम्म फुगलेलं, काळपट, आणि हाताचा पंजा सुजून चकचकीत झालेला. मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत होती. ती रेघ मी ओळखली, बोटातलं विष वर चढत होतं. पुस्तकात तिच्यावर एकच वाक्य होतं आणि त्या वाक्यावर परीक्षेत मला पूर्ण गुण होते. गुण मिळाले तेव्हा भीती वाटली नव्हती. आता वाटली.

“कधीपासून?”

“झाला एखाद-दोन दिस. उतरन.”

शेजाऱ्यांचा छोटा हत्ती टेम्पो हळद घेऊन हिंगोलीला निघालाच होता. पोत्यांच्या मध्ये जागा करून मायला बसवलं. बाबा शेडवर राहिले. पाचव्या दिवसाचं औषध चुकवता येत नव्हतं. गाडी निघाली तेव्हा ते मागे थोडं धावल्यासारखे आले आणि म्हणाले, “फोन कर. काय ते खरं सांग.” रस्ताभर माय हळदीच्या पोत्यावर डोकं टेकून पडली होती. मी तिच्या हाताकडे बघत होते. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, रेघ वर सरकली.

दवाखान्यातले डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी रक्त तपासलं. मायला साखरेचा आजार आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. “हा हात आधी वाचवायचा,” ते म्हणाले, “मग बाकीचं.” त्यांनी बोटाला चीर दिली, पू निघाला, त्यातला थोडा नळीत भरून तपासायला पाठवला. मग खिशातला पेन काढून मायच्या हातावर, लाली जिथे संपत होती तिथे गोल रेघ मारली. “लाली या रेघेच्या वर गेली तर मला लगेच बोलवायचं. आणि घरी काही औषध घेतलं होतं का?”

“न्हाई साहेब,” माय म्हणाली. “हळद लावली फक्त.”

सलाईन चालू झाली, सुईतून औषध चालू झालं. मी खाटेजवळ बसले आणि पेनाच्या रेघेकडे बघत राहिले. निळी रेघ होती. मी डोळे मिटले तरी मला ती दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या बाहेर होती, बोटभर. डॉक्टरांनी पाहिलं, दुसरी रेघ मारली. कोपराच्या वर. कोपराच्या वर दंड, दंडाच्या वर खांदा. त्याच्यापुढे मी मोजलं नाही.

दहा वाजता सिस्टर गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

“घ्या मावशी.”

मायनं गोळी डाव्या हातात धरली. “घड्याळात किती वाजले बाई?”

“दहा. काहून?”

“मंग बराबर. आठपासून पाणी पिले न्हाई म्या. आता दे.”

सिस्टर हसली. “उपवास आहे का काय दवाखान्यात?”

“उपवास न्हाई ग. तहानेवर लागू पडतं औषध. दोन घंटे ठेवावं लागते तहान.” आणि माझ्याकडे हनुवटीनं दाखवलं. “आमची पोरगी शिकलेली हाय.”

शेडमागचा दगड माझ्या डोळ्यांसमोर आला. तीन दिवसांचा उपवास. तो पेला.

सिस्टर गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकले. “माय, तू शेडातलं औषध घेतलंस?”

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

“किती?”

“रागावू नको.”

“न्हाई रागावत. किती?”

“तीन दिस. टाकीत टाकून पाकिटात उरायचं ना, ते. पाखराला चिमूटभर, मी पाखराहून मोठी, म्हणून चमचाभर. पाणी तोडून घेतलं, तू सांगितलं तसं.” मग जरा थांबून म्हणाली, “पाखरं तर बरी झाली की ग.”

मला ओरडायचं होतं. पण कुणावर? तिनं माझंच वाक्य उचलून तसंच्या तसं पाळलं होतं. कॉलेजातल्या कोणीही माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

“साहेबाला काहून नाही सांगितलं?”

“तुला बोलतील ना ते. म्हणतील, हीच का शिकलेली.”

मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत जायला मला किती वेळ लागला माहीत नाही. आत जाऊन सगळं एका दमात सांगितलं, न थांबता, कारण थांबले असते तर अर्धं गिळलं असतं. त्यांनी पेन खाली ठेवला.

“कोंबड्यांचं औषध. तीन दिवस.”

“व्हय सर.”

“तुम्ही काय शिकलात?”

“बी.एस्सी.”

“विषय?”

दोन पत्र्यांवर मावलेला तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेना. पडला तेव्हा अर्धाच ऐकू आला असेल. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “पाकिटावरचं नाव पाहिजे. आत्ता.”

मी बाबांना फोन लावला. पाकिटाचा फोटो पाठवा, असं मी त्यांना सांगितलं. फोटो आला. त्यात बाबांचा अंगठा होता, अख्ख्या नावावर.

“बाबा, अंगठा काढा.”

“कोणता अंगठा? माय कशी हाय?”

“पाकिटावरचा. नाव झाकलंय.”

दुसरा फोटो हलला होता. तिसऱ्यात नाव दिसलं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि सुईतलं औषध बदलायला सांगितलं. “आपण देत होतो ते याच घराण्यातलं,” ते म्हणाले. “तिच्या बोटात शिरलेले जंतू तुमच्या शेडातलेच असले, तर त्यांनी हे औषध आधी पाहिलेलं असणार. रिपोर्ट येईल तेव्हा नक्की कळेल. तोपर्यंत हे देऊन बघू.”

बघू. त्या शब्दावर मी दीड दिवस काढला.

त्याच संध्याकाळी त्यांनी बोटाचं वरचं पेर काढून टाकलं, मेलं होतं म्हणून. माय बाहेर आली तेव्हा हाताला मोठं पांढरं गुंडाळलेलं होतं आणि पेनाच्या दोन रेघा त्याच्या वर दिसत होत्या. मी खाटेच्या त्याच बाजूला बसून राहिले. सकाळी उजेड आल्यावर वाकून पाहिलं. लाली वरच्या रेघेला टेकलेली होती, पण बाहेर नव्हती. मी कोणालाच सांगितलं नाही. दुपारी परत पाहिलं. रेघ आणि लाली यांच्यामध्ये कातडीची एक बारीक पट्टी मोकळी झाली होती, नखाएवढी. मी सिस्टरला हाक मारली.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. तो कागद बघून हसावं का रडावं कळेना. हे काम मी स्वतः केलं होतं, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला. जंतू ताटलीत वाढवायचे, औषधाच्या टिकल्या ठेवायच्या, टिकलीभोवती जंतू मेले की एस लिहायचं, नाही मेले की आर. तेव्हा त्या अक्षरांच्या मागे कोणाचा हात नसायचा. मायच्या कागदावर वरपासून आर, आर, आर. ई-कोलाय. शेडातल्या पावडरीच्या नावापुढेही आर. पाखरं त्या पावडरीनं खरंच बरी झाली, का ऊन पडून तूस वाळलं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. खाली तीन ठिकाणी एस होता. त्यातलं एक डॉक्टरांनी अंदाजानं चालू केलेलं.

“काय आलं?” मायनं विचारलं. “पास का नापास?”

“तीन औषधं पास. बाकी सगळी नापास.”

“तीन मंजे पास झालेच की.” ती डोळे मिटून पडली. मग डोळे न उघडता म्हणाली, “पुढच्या टायमाला तीन तरी ऱ्हातील का ग?”

मी कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. याचं उत्तर मला येत होतं.

माय आता घरी आहे, शेडवरही येते. हातमोजे घालते, त्यातलं उजव्या हाताचं पहिलं बोट वरून रिकामं लोंबतं. पाखरू चाचपून वेळ सांगणं बंद झालं. औषधाची पाकिटं मी लोखंडी पेटीत ठेवते आणि किल्ली माझ्या गळ्यात असते. सुपरवायझर पुड्या देतो तेव्हा मी त्याला विचारते, आधी कोणता पक्षी उघडून तपासला, आणि तो म्हणतो, ताई, तुमी लई विचारून राहिल्या आजकाल. पत्र्यावरची अक्षरं तशीच आहेत. पुसून टाकू का म्हणून मी बाबांना विचारलं होतं, ते म्हणाले, कशाला, रंग चांगला हाय.

परवा पौर्णिमा होती. पक्ष्यांना औषध नव्हतं, पाणी चालू होतं. माय शेडमागच्या दगडावर बसलेली दिसली, ओठ सुकलेले. मी धावतच गेले.

“पाणी पिलीस का?”

“उपवास हाय.”

“खरंच उपवास हाय?”

“पौर्णिमा हाय बाई. पंचांग बघ.”

मी पंचांग पाहिलं नाही. तिनं आपणहून दोन्ही हात पुढे केले, पालथे आणि उताणे, शाळेत नखं दाखवतात तसे. मी दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारून पाहिल्या. काही नव्हतं. तरी गळ्यातली किल्ली चाचपली, पेटीजवळ गेले, कुलूप ओढून पाहिलं, आणि मगच शेडात जाऊन कान लावला.